धरमपेठेतला रोबले

‘माझ्या नजरेतून सुटलेला गुन्हेगार अजून जन्माले यायचा आहे,’ असं देवराव मेश्राम नेहमी म्हणत, आणि त्यात तसूभरही खोटं नव्हतं; कारण त्यांच्या नजरेत अजून एकही गुन्हेगार सापडलाच नव्हता. खापरखेड्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाल्यावर त्यांनी कार्डं छापून घेतली होती: ‘देवराव मेश्राम, गुप्तहेर. विदर्भाचा तिसरा डोळा.’ पहिले दोन डोळे कोणाचे, असं त्यांचा साळा संघपाल याने एकदा विचारलं. तेव्हापासून तो त्यांचा सहायक होता. शिक्षा म्हणून.

गुन्हा घडला तो मात्र खुद्द संघपालच्या घरी, धरमपेठेत. त्याची मुलगी मयुरा स्पेनमध्ये नोकरी करून आली होती. तिथंच तिला आयुष भेटला, आणि लग्नाचं ठरलं त्या दिवशी दोघांनी लाल वाइनची एक बाटली घेतली. म्हाताऱ्या वेलींच्या द्राक्षांची, ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेली. दोन्ही घरची माणसं पहिल्यांदा एकत्र जेवायला बसतील तेव्हाच ती उघडायची, असं पोरांचं ठरलं होतं.

ते जेवण आज होतं. व्याही तासाभरात पोचणार होते. मटणाचा सावजी रस्सा चुलीवर रटरटत होता. मयुरा फोन चार्जिंगला लावून पार्लरमध्ये गेली होती. आणि ओट्यावर संघपालला बाटली दिसली. रिकामी.

“मी दही आणाले गेली होती,” त्याची बायको भावना म्हणाली. “आली तं अशीच होती.”

“पोरीले काय सांगू मी?” म्हणत संघपालने डोकं धरलं.

नेमके तेव्हाच देवराव जेवायला हजर झाले. जून लागला होता, पण ऊन मे महिन्याचंच होतं. घामाघूम मेहुण्याला पाहून संघपालने टेबलावरच्या काचेच्या जगातून पेला भरून दिला. त्या जगात रोज जांभळाचा रस असे. संघपालच्या शुगरसाठी भावना तो करत असे, आणि संघपाल तो स्वतः न पिता येईल त्या पाहुण्याला पाजत असे.

“तुरट आहे,” देवराव म्हणाले. “पण डोकं उघडते. बोल, काय झालं?”

ऐकून घेतल्यावर त्यांनी बाटली उजेडात धरली. “साधी गोष्ट आहे. गरमी पाह्यली का? उडून गेली वाइन.”

“मग गच्चीवरची टाकी काहून नाही उडाली, भाऊजी?”

देवरावांनी तो सिद्धान्त मागे घेतला आणि पेला पुढे केला. दुसरा पेला संपता संपता ते ओरडले, “सापडला! हे वाच. रोबले! चोर सही करून गेला गा! आडनावावरून काटोलकडचा दिसते.”

“ते छापलेलं आहे, भाऊजी.”

“म्हणजे टोळी मोठी आहे. सोताचा छापखाना आहे.”

तिसऱ्या पेल्याला त्यांना रोबलेच्या खालची ओळ दिसली. ती त्यांनी ‘विनास विएजास’ अशी लावली आणि ते गंभीर झाले. “विनाश विजयाचा! धमकी आहे. विजया कोण?”

“मागच्या गल्लीत एक आहे. ब्लाउज शिवते.”

“तिले सावध कर.”

“घरात तं कोणीच आलं नाही,” भावना आतून म्हणाली. “खालचे रुपरावजी तेवढे खुर्च्या ठेवून गेले.”

देवराव ताडकन उठले. म्हणजे उठायचा प्रयत्न केला; टेबलाने सांभाळून घेतलं. “मिळाला!”

“भाऊजी, नाही,” संघपाल घाबरून कुजबुजला. “त्याइचं नाव नका घेऊ.”

त्याला कारण होतं. एके काळी रुपरावांना रोज संध्याकाळी दोघं जण धरून घरी आणत. मग एक दिवस त्यांनी दारू सोडली, ती सोडलीच. आता ते वरातीतसुद्धा पिणाऱ्या पोरांपासून लांब चालत. अशा माणसावर आळ म्हणजे त्याची सगळी कमाई एका फुंकरीत उडवणं.

पण देवरावांनी चौथा पेला घशाखाली ओतला आणि दारात बघतात तो आणखी दोन खुर्च्या घेऊन रुपराव उभे.

“रुपराव! वाइन कुठं आहे?”

खुर्च्या खाली टेकल्या. रुपरावांचा चेहरा पडला. “देवरावजी, मी सोडली ते साऱ्या गल्लीले माहीत आहे.”

“गुन्हेगार असंच म्हणते. तोंड उघडा!”

देवराव त्यांच्या नाकाला नाक भिडवून उभे राहिले. संघपालला जमीन दुभंगली तर बरं असं वाटलं. रुपरावांनी मुकाट्याने तोंड उघडलं. देवरावांनी हुंगलं. मग रुपरावांचंही नाक हललं. एकदा. पुन्हा एकदा.

“वास येऊन राहिला,” रुपराव म्हणाले.

“कबुली!”

“मले येऊन राहिला. तुमच्या तोंडाचा.”

भावना पळी घेऊन बाहेर आली आणि जगाकडे बघतच राहिली. “अहो, आज जांभळाचा रस केलाच कुठं मी?”

तेवढ्यात मयुरा आली, केस सावरत. “बाबा, जगातली वाइन कोणी प्यायली? हवा लागावी म्हणून ओतून ठेवली होती. जुनी वाइन मोकळी व्हायला वेळ लागतो.”

“रोबले सापडला नाही, बेटा,” देवराव म्हणाले.

“फुफाजी, रोबले म्हणजे ओक. आणि खाली लिहिलंय, जुन्या वेली.”

मग तिने जगाचा तळ पाहिला, फुफाजींचे जांभळे ओठ पाहिले, आणि हसत हसत ती जमिनीवरच बसली. संघपालच्या जिवात जीव आला. “दोन-दोन घोट येतील सगळ्यांना,” ती डोळे पुसत म्हणाली. “पुरे झालं. आयुषला हे ऐकवल्याशिवाय मी जेवणार नाही.”

देवरावांना मात्र आता कुठे उलगडा होत होता. दर पौर्णिमेला विहारात सगळ्यांत मोठ्या आवाजात पंचशील म्हणणारा माणूस! “दारू न पिण्याचं पाचवं शील मोडलं गा माझं,” ते रडवेले झाले. “चार पेले मोडलं. अन् आळ तुमच्यावर घेतला, रुपराव. माफ करा मले.” ते पायाला हात लावायला वाकले आणि तिथंच राहिले.

रुपरावांनी त्यांना उठवलं. “तुमचं न कळत मोडलं, देवरावजी. मी कळून मोडत होतो. चला, पाहुणे यायच्या आत खाली माझ्याकडे पडा.”

त्यांनी देवरावांचा एक हात स्वतःच्या खांद्यावर घेतला, कमरेला विळखा घातला. दुसऱ्या बाजूने संघपाल होता, पण त्याची गरज नव्हती. कोणत्या पायरीवर थांबायचं, कुठं भिंतीचा आधार द्यायचा, सगळं रुपरावांच्या अंगात मुरलेलं होतं.

जिन्यातला आवाज ऐकून खाली रुपरावांच्या बायकोने, गोपिकाबाईंनी दार उघडलं. अंधाऱ्या जिन्यातून तीन माणसं एकमेकांना धरून उतरत होती. मधलं कोण, कडेचं कोण, काही कळत नव्हतं. त्यांचा हात दाराच्या कडीवर घट्ट झाला.

“मी नाही वं!” रुपराव वरूनच ओरडले. “मी नाही! हे आहेत!”

गोपिकाबाईंनी कडी सोडली. मग पदर तोंडाला लावून हसल्या आणि दार सताड उघडून म्हणाल्या, “या. गादी कुठं घालाची, ते मले पाठ आहे.”