केळकरकाकांचं एकच क्रियापद

गुरुवार, १२ ऑक्टोबर २००६. सकाळपासून मी शेजारच्या हॅनीचं स्वयंपाकघर खोक्यांत भरत होते. बाहेरच्या खोलीत, तिच्या खुर्चीशेजारी, केळकरकाकांचं घोकणं चालू होतं. "लोप, लोप्त, लोप्त! लोपन, लोपन, लोपन!" शाळेत संस्कृतची रूपं म्हणायचो, अगदी त्याच चालीत.

केळकरकाका म्हणजे बर्मिंगहॅममधल्या आमच्या गल्लीतले निवृत्त डोळ्यांचे डॉक्टर. महिन्यापूर्वी त्यांनी लायब्ररीतून डच भाषेचं पुस्तक आणलं आणि पहिल्याच क्रियापदावर मुक्काम ठोकला. लोपन, म्हणजे चालणं.

"काका, पुढचं कधी घेणार?"

"सुलभा, एक पचल्याशिवाय दुसरं नाही. अगं, इंग्रजी 'लीप' याचाच सख्खा चुलत भाऊ. इंग्रज उड्या मारतो, डच माणूस शांतपणे चालतो. घड्याळ चालतं तेही लोपन, आपल्यासारखंच. आणि नाकसुद्धा!"

"नाक चालतं?"

"वाहतं गं. तेवढं सोडून दे."

हॅनी आमच्या दोघांच्या मधल्या घरातली, ऐंशीची डच बाई. उन्हाळ्यात तिला स्ट्रोक आला आणि चाळीस वर्षांचं इंग्रजी पुसून गेलं. उरलं ते डच. फिजिओ 'वॉक' म्हणायची, हॅनी भिंतीकडे बघायची. त्या दुपारी सोशल वर्कर येणार होती. हॅनी सांगितल्यावर उठून स्वयंपाकघरापर्यंत चालली तर घरी राहणार, नाहीतर सोमवारी केअर होम. म्हणून खोकी. ऐनवेळची धावपळ मला जमत नाही.

कपाटात मागे एक स्टीलचा पेला निघाला. त्यावर नाव कोरलेलं : सौ. निर्मला केळकर.

"काका, हा इथे कसा?"

"चारचा चहा मी इथेच घेतो. निर्मला गेल्यापासून." ते खिडकीकडे बघत म्हणाले. "तो शेवटी भर."

अडीचला सोशल वर्कर आली. "वॉक, डार्लिंग," म्हणाली. हॅनी भिंतीकडे. बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

काका हॅनीसमोर उभे राहिले आणि एक पाऊल मागे सरकून गरजले, "लोप!"

हॅनी वॉकर धरून उठली. एका रूपाला एक पाऊल. वर्तमानकाळ दारापाशी संपला. काका थांबतात कसले, उलटे चालत थेट भूतकाळात शिरले. "लीप, लीप, लीप! लीपन, लीपन, लीपन!" ओट्याला पाठ लागल्यावर त्यांनी शेवटचं रूप ठोकलं, "खेलोपन!"

हॅनी थांबली. तिने कपाळाला आठ्या घालून घशातून तो 'ख' काढून दाखवला आणि त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेतला. उन्हाळ्यापासून तिने कुणाला रागावलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

सोशल वर्करने फॉर्मवरचा केअर होमचा रकाना खोडून टाकला.

"संस्कृतात मी दोनदा नापास झालो होतो!" काकांनी तिला मराठीतच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळी खोकी पुन्हा रिकामी केली. पेला घासला आणि कपाटात पुढच्या रांगेत, हॅनीच्या कपाशेजारी ठेवला.