फुंकर न मारणारा मल्लप्पा

आमचा शेजारी मल्लप्पा चहावर फुंकर मारत न्हाई. चहा समोर ठेवतो, हात मांडीवर घेतो आणि वाफेकडं बघत बसतो. कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर, "हवेला ढकलायचं न्हाई. वाट द्यायची. ती आपणहून वर जाती."

हे खूळ त्यानं लांबच्या एका वीज कारखान्यातून आणलं. तिथं पाणी गार करायला टेकडीएवढा मनोरा होता म्हणं. खाली रुंद, कमरेत बारीक, आत एकही पंखा न्हाई. गरम हवा आपली आपण वर चढती आणि पाणी निवतं. पुढं तो अफजलपूरकडं आमच्या साखर कारखान्यात आला. आमचा मनोरा बुटका, डोक्यावर पंखे. त्या पंख्यांना तेल घालणारा मी. सगळी नोकरी त्या घरघरीत गेली, एक कान बसला. आणि हा आल्या आल्या म्हणतो, "अण्णा, तुझा मनोरा म्हणजे धाप लागलेला म्हातारा."

माझ्या बायकोला, सरूला, त्याचं सगळं पटायचं. त्याचा चहा ती आधीच बशीत ओतून ठेवायची, तो येईपर्यंत निवायचा. मला मात्र चुलीवरचा उकळता. तोंड भाजलं की म्हणायची, "फुंका की. पंखेवाले ना तुम्ही?"

मला राग यायचा. खोटं कशाला बोलू, अजून येतो.

गेल्या साली सरू वारली. यंदा कारखान्यात नवा मनोरा बांधायचं निघालं. उंच बिनपंख्याचा, का पंख्याचा? साहेबांनी विचारायला बोलावलं कुणाला, तर मल्लप्पाला. मी बिनबोलावता मागं गेलो, दारातल्या स्टुलावर बसलो. बिनपंख्याचा ठरला असता तर माझी सगळी जिंदगी भंगारात.

मल्लप्पा म्हणाला, "पंख्याचाच बसवा साहेब. कारखाना वर्षातले चार-पाच म्हैने चालतो, त्याला टेकडी कशाला? बाकीचं ह्या अण्णाला विचारा. नुसत्या आवाजावरनं पंख्याचं दुखणं सांगतो."

साहेबांनी मला आत खुर्ची दिली.

वाटेत मी विचारलं, "का फिरलास रं?"

"फिरलो न्हाई. चांगला माझाच. पण इथं तुझा बरोबर हाय."

हरतानाही हा माझ्यापेक्षा मोठा. मला जास्तच राग आला.

तरी घरी नेलं, चहा टाकला. बशीत ओतला आणि बशी तशीच धरून बसलो. सरू त्याच्यासाठी भरून ठेवायची तीच बशी होती ती. मल्लप्पानं ती माझ्याकडनं घेतली, तोंडाजवळ नेली आणि हळूहळू फुंकायला लागला. बराच वेळ. मग माझ्यापुढं धरली.

"घे अण्णा. तोंड भाजंल."

मी प्यायलो. सरूनं हे बघायला पाहिजे होतं.

न्हाई, बघितलं न्हाई तेच बरं. ह्याच्यातसुद्धा तिनं कौतुक त्याचंच केलं असतं.