लाजरीची लांबी

मासे मोजायला साहेब येणार होते त्या सकाळी टाकीकाकांनी शिवणाची टेप मागितली, तेव्हा काकूंनी मशीन थांबवून विचारलं, "माशाला झबलं शिवताय का?"

"ऑफिसातली पट्टी सरळ आहे," काका म्हणाले. "ती नाही."

ती म्हणजे लाजरी. किनाऱ्यालगत उथळ पाण्यात, दगडांच्या कपारीत राहणारी ठिपकेदार मुशी. जातीने शार्क, पण शार्कपणाचा गर्व देवाने तिला दिलाच नव्हता. दिवसभर वाळूवर पडून राहावं, समोर येईल तो खेकडा, गोगलगाय गोड मानून खावी, आणि भीती वाटली की अंगाचं कडं करून शेपटी डोळ्यांवर घ्यावी. आपल्याला जग दिसलं नाही की जगालाही आपण दिसत नाही, एवढी तिची भाबडी श्रद्धा.

छोट्या मत्स्यालयात काका सहा वर्षं तिला सांभाळत होते. तिथला नियम असा, की मुशी दोन फुटांपुढे गेली की तिची रवानगी शहरातल्या मोठ्या मत्स्यालयात. तिथे काचेपुढे दिवसभर गर्दी. लाजरी तिथे कड्यातून कधी सुटलीच नसती. आणि लाजरी आता दोन फुटांच्या पुढे गेल्यासारखी दिसत होती. काकांना आठवडाभर जेवण गेलं नव्हतं.

"एक इंच कमी सांगा," काकू म्हणाल्या.

"देव बघतो."

"अहो, मोजायला देव येतोय की साहेब?"

काका टेप खिशात घालून निघाले.

मोठ्या मत्स्यालयाने पाठवलेले साहेब तरुण होते, नवे होते, आणि हातात कोरा फॉर्म होता. काकांनी लाजरीला हळूच पाण्याच्या पसरट टबात ठेवलं. हात लागताच तिचं कडं झालं.

"हिला सरळ करा," साहेब म्हणाले.

"धरून सरळ होत नाही साहेब. सोडलं की होते."

"मग सोडा."

"सोडलंय. पण आपण बघतोय ना."

साहेबांनी बाहेरून टेप गुंडाळली. एकोणीस इंच भरली. "पण शेपटी तोंडावरून गेलीय," ते म्हणाले. "तेवढी जास्तीची धरायला हवी. किती आहे?" त्यांनी शेपटीला बोट लावलं मात्र, लाजरीने आणखी आवळून घेतलं. पुन्हा टेप लावली तर अठरा.

"वजन न घटता एक इंच घटली," साहेब चिंतेने म्हणाले.

मग ठरलं की दोघांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. ती सुटली की झटकन वळायचं. दोघे उभे राहिले. तिकीटवाल्या बाई खिडकीतून डोकावल्या.

"भिंतीत कुठले मासे सोडलेत?"

"हळू बोला बाई," काका पुटपुटले.

पाण्यात चुळुक झाली. दोघे वळले. कडं. पुन्हा चुळुक, पुन्हा वळले. पुन्हा कडं. तिसऱ्या वेळी साहेबांना युक्ती सुचली. वळायचं नाही, तोंड भिंतीकडेच ठेवून पावलापावलाने मागे जायचं, आणि टबाशी पोचलं की खाली बघायचं. युक्ती चांगलीच होती. फक्त टब त्यांना वाटला त्याच्या एक पाऊल अलीकडे होता.

साहेब टबाच्या काठावर बसले, टब कलंडला, आणि ओल्या फरशीवरून लाजरी एखाद्या तबकडीसारखी घसरत थेट तिकीट खिडकीखाली गेली. तिथेही शेपटी डोळ्यांवरच. काकांनी धावत जाऊन तिला ओल्या फडक्यात उचललं आणि टाकीत सोडलं. तळाशी जाताच ती दगडामागे सरकली. काकांनी डोळे मिटून देवाचे आभार मानले.

साहेब खुर्चीत बसले. खुर्चीखाली तळं साचलं.

"फॉर्ममध्ये काय भरणार?" काकांनी विचारलं. 

"जे दिसलं ते."

"अंदाजाने मोठीच असेल साहेब. लपवणार नाही मी."

"काका, अंदाजाचा रकाना नाही," साहेब म्हणाले. पँट पिळत त्यांनी लिहिलं: लांबी, मिळाली नाही. आकार, गोल.

त्या रात्री काका दोन घास जास्त जेवले, पण झोप काही लागली नाही. आठ दिवसांनी मोठ्या मत्स्यालयाचं पत्र आलं. काकूंनी मोठ्याने वाचून दाखवलं: "आपल्याकडील गोल मासा आमच्या कामाचा नाही, तो तिथेच ठेवावा. मात्र नोंदीत असलेली मुशी तपासणीत आढळली नाही. ती कुठे आहे, याचा खुलासा लेखी करावा."

"घ्या," काकू म्हणाल्या. "मासा वाचला आणि तुम्ही अडकलात. आता तरी काहीतरी रचून लिहा."

काकांनी पेन उघडलं, दोन मिनिटं विचार केला आणि एकच ओळ लिहिली.

"मुशी टाकीतच आहे. कोणी बघत नसलं की असते."