बारा टन मांस आणि मानेला लागणारा वारा

बालवाड्यांच्या जेवणासाठी सरकारी शीतगृहात बारा टन डुकराचं मांस गोठवून ठेवलं होतं. नियमानुसार तापमान उणे अठरा. प्रत्यक्षात उणे चार. कारण कोठीवाला ग्वोझदेन आत शिरला की आधी गारवा फिरवणारा पंखा बंद करी. मानेला वारा लागला की माणूस आजारी पडतो. यात काही चुकतंय असं म्हणणारा माणूस अख्ख्या सर्बियात सापडला नसता.

प्रयोगशाळेच्या व्हिडोसावाबाईंनी मांसाचा तुकडा तपासला आणि कपाळाला हात लावला.

"अरे बाबा, उणे अठराला हे जंतू गपगार पडून असतात. उणे चारला हळूहळू वाढायला लागतात!"

"ताई, जंतू शिजवले की मरतात. माझी मान काय शिजवून बरी होणारे?"

बाईंनी वर अहवाल धाडला. संचालक ल्युबिंको यांनी तत्परतेने सात जणांची समिती नेमली, त्यात बाईही. समितीने तीन दिवस आत कसून पाहणी केली. सदस्यांच्या प्रकृतीच्या काळजीपोटी तिन्ही दिवस पंखा बंद. तापमान अधिक दोन झालं, मांस बुळबुळीत होऊन वास मारू लागलं.

निष्कर्ष एकमताने निघाला: माणसे आत असताना पंखा बंद ठेवावा. तापमान पंखा चालू असतानाच मोजावे. सबब, आत कोणी नसताना तापमान मोजावे. आत कोणी नसताना ते कुणी मोजलं, हे विचारू नये. उणे अठरा भरलं. 'उणे अठराला जंतू वाढत नाहीत, असे सदस्या व्हिडोसावाबाई यांचेच मत असल्याने मांस निर्दोष.'

"अहो संचालक साहेब, नाक आहे ना तुम्हाला?"

"नाक हे मान्यताप्राप्त उपकरण नाही, बाई. सहा सह्या झाल्यात. तुमच्या निवृत्तीला चारच महिने राहिलेत ना?"

बाईंची नात लेंका यांतल्याच एका बालवाडीत जायची. बाईंना स्वतःची लाज वाटली. मग त्यांनी सही केली.

सोमवारी मांस बालवाड्यांत पोचलं. त्या सकाळी गावात सात घरांत घाईघाईने डबे भरले जात होते.

"आजी, सगळ्यांना तिथं गरम जेवण मिळतं. मग मलाच डबा का गं?" लेंकाने विचारलं.

बाईंनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. तुम्हाला याचं उत्तर सुचत असेल तर सांगा. घरून डबा तुम्हीही देतच असाल.