नरडाण्याची मोजणी

जळगावच्या कापूस संशोधन केंद्रात डॉ. केळुसकरांनी ‘कीटक-कट्टा’ सुरू केला त्याला दीड महिना झाला होता, आणि कट्ट्यावर अजून कुणी बसलं नव्हतं. कल्पना झकास होती. साल अठ्ठ्याण्णव, केंद्रात नुकताच इंटरनेटवाला कॉम्प्युटर आलेला. अकोला, परभणी, नागपूर, पार कोइमतूरपर्यंतचे त्रेचाळीस कीटकशास्त्रज्ञ ई-मेलच्या एका यादीत; एकाने लिहिलं की सगळ्यांना पोचणार. बोंडअळी कुठे वाढली हे त्याच दिवशी कळणार. फक्त कुणीतरी लिहायला हवं होतं. पण त्रेचाळीसच्या त्रेचाळीस विद्वान तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते.

विभागप्रमुख खैरनारसाहेब साक्रीकडचे, मोजकं बोलणारे. "दिवाळीपर्यंत बघू," ते म्हणाले होते. "नाही चाललं तर कॉम्प्युटर आस्थापना शाखेला देऊ. रजेचे अर्ज तरी छान टाइप होतील."

केळुसकर पावसाळ्यात कोकणातून बदलून आलेले. त्यांचा सगळा जीव त्या यंत्रात अडकला होता. दिवाळीला नऊ दिवस उरले तेव्हा त्यांनी ठरवलं, ताजी बातमी आपणच द्यायची. नरडाण्याजवळच्या निंबा आबांच्या कपाशीत केंद्राचे पाच सापळे होते. मादीच्या वासाला भुलून बोंडअळीचे नर पतंग त्यांच्या पिशव्यांत शिरत. आबा रोज ते मोजून पोस्टकार्डावर आकडा कळवत, आणि कार्ड चार दिवसांनी उगवे. केळुसकरांनी निरोप धाडला, आता रोज सकाळी फोनच करा.

दुसऱ्या दिवशी फोन आला. लाइनीत खरखर होती.

"साहेब, आजनी मोजणी आठ शे."

केळुसकर खुर्चीतून अर्धे उठले. "आठशे? पाचही सापळ्यांत मिळून?"

"हा, बठ्ठा मियीसन. आठ शे."

"आबा, चूक नाही ना?"

"मी सोता मोजात," आबा जरा दुखावूनच म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

केळुसकरांनी इंग्रजीत चार ओळींची मेल ठोकली. एका रात्रीत आठशे पतंग. दुपारपर्यंत सहा उत्तरं आली, संध्याकाळपर्यंत एकतीस. परभणीने विचारलं, वारा कुठला होता. नागपूरने लिहिलं, हे स्थलांतर असावं, गुजरातेतून. त्यावर कोइमतूरने लिहिलं, नागपूरला स्थलांतर कशाशी खातात हे ठाऊक नाही. नागपूर भडकलं. केळुसकरांना इतका आनंद स्वतःच्या लग्नातसुद्धा झाला नव्हता.

खैरनारसाहेब दोन दिवस धुळ्याला बैठकीत होते, आणि नरडाण्याची फोनची लाइनही तेवढे दिवस बंद पडली होती. परतल्यावर त्यांच्यापुढे छापील कागदांची चळत ठेवली गेली. त्यांनी आकडा पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. "कमाल आहे," ते म्हणाले. "जीप काढा." अकोला, परभणी आणि नागपूरचे तीन तज्ज्ञ तोवर रेल्वेने येऊन धडकलेच होते.

निंबा आबांच्या बांधावर पाच शास्त्रज्ञ उतरले. नागपूरकरांच्या गळ्यात कॅमेरा होता. आबांनी एक काचेची बरणी पुढे केली. "दोन दिन पहिलेना शेतस. तुमले दखाडासाठे ठेवात."

बरणीत पतंग होते. केळुसकरांनी मोजले. मग घाम पुसून पुन्हा मोजले.

"आबा, हे तर आठच आहेत."

"मंग? मी काय सांग? मोजणी आठ शे. आठ... शे."

"पण आठशे म्हणजे..."

"आठशे कथाईन येतीन साहेब? त्या पिशव्यासमा मावतीन का?"

तिघा तज्ज्ञांनी केळुसकरांकडे पाहिलं. केळुसकरांनी जमिनीकडे पाहिलं. अहिराणीत ‘शे’ म्हणजे ‘आहे’, हे ज्ञान त्यांना भर उन्हात, साक्षीदारांसमोर झालं. खैरनारसाहेबांना मात्र तेव्हाच खोकल्याची मोठी उबळ आली आणि ते पाठ फिरवून विहिरीकडे गेले.

संध्याकाळी केळुसकरांनी कबुलीची मेल लिहिली. लपवाछपवी केली नाही. आठ, शे, बरणी, सगळं लिहिलं. कट्टा बुडालाच होता, निदान खोटा आकडा कुणाच्या अहवालात जायला नको. बटण दाबताना त्यांना रडू येत होतं.

सकाळी कॉम्प्युटर उघडला तर चाळीस पत्रं. नागपूरकरांनी पहाटे घरी पोचताच लिहिलं होतं, त्यांनी एकदा शर्टाचं बटण नवी प्रजाती म्हणून तपासायला पाठवलं होतं. कोइमतूरच्या बाईंनी तर थेट आपल्या प्रबंधातला चुकलेला तक्ता उघड केला होता. विद्वान मंडळी भडाभडा बोलत होती, आणि मधूनच एकमेकांना विचारत होती, तुमच्याकडे औषध लागू पडतंय का हो?

सर्वांत शेवटचं पत्र खैरनारसाहेबांचं होतं. साहेबांनी आजवर कट्ट्यावर अक्षर लिहिलं नव्हतं.

"एकाहत्तर साली मी नोकरीत नवा होतो. पुण्याच्या साहेबांनी फोनवर विचारलं, किती एकरांवर कीड आहे? घाबरून घरची बोली तोंडात आली. म्हणालो, ‘क्षेत्र दोन शे.’ फवारणीला विमान आलं. दोन एकरांवर. सगळं गाव पाहायला लोटलं होतं. मी सत्तावीस वर्षं हे कुणाला सांगितलेलं नाही. डॉ. केळुसकर, कॉम्प्युटर आहे तिथेच राहील."