अनुभवी नवोदिताचा शोध

चित्रपट पूर्ण झाला होता, रेकॉर्डिंगचा हॉल ठरला होता, साठ वादकांना तारीख दिली होती आणि 'एका नव्या प्रतिभेचा उदय' असं छापलेली पोस्टरंही भिंतीभिंतींवर लागली होती. आता फक्त ती प्रतिभा तेवढी सापडायची बाकी होती.

कंपनीत कुणाला याची फारशी काळजी नव्हती. मागच्या चित्रपटाच्या वेळी अशीच एक नवी नायिका शोधायची ठरली होती, आणि ती निर्मात्याच्या भाचीच्या रूपानं दुसऱ्याच दिवशी सापडलीही होती. संगीतकाराचं प्रकरण मात्र जरा अवघड होतं. भाचीला व्हायोलिन आणि चेलो यांतला फरक समजेपर्यंत चित्रपट जुना झाला असता. आजवर कंपनीच्या सगळ्या चित्रपटांचं पार्श्वसंगीत थोरले करत. थोरले म्हणजे ज्यांचं नाव पोस्टरवर नायकाच्याही वर छापतात, ते. पण अलीकडे थोरल्यांची कंबर धरली होती, आणि त्यांचा मेहनताना ऐकून निर्मात्याचीही.

म्हणून नवप्रतिभा शोध समिती नेमण्यात आली. तिच्यात निर्माता, दिग्दर्शक आणि प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या बाई होत्या. पहिल्याच बैठकीत दोन अटी एकमतानं मंजूर झाल्या. उमेदवार अगदी कोरा करकरीत असावा, कारण पोस्टरवर तसं छापून बसलोय. आणि त्याला मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिण्याचा दांडगा अनुभव असावा, कारण हॉल एकाच दिवसापुरता मिळालाय. 'अनुभवी नवोदित' हा शब्द बाईंनी सुचवला आणि सगळ्यांनी टेबल वाजवलं.

आता असा माणूस जगात असणं शक्य नाही, असं कुणालाही वाटेल. पण तो होता, आणि त्याला सगळे होतकरू म्हणत.

विशीत असताना कुणीतरी एका समारंभात त्याची 'होतकरू संगीतकार' अशी ओळख करून दिली, आणि ते जे चिकटलं ते काही निघेना. कानशिलं पांढरी झाली, मुलगी कॉलेजात गेली, चष्म्याचा नंबर वाढला, तरी हा आपला होतकरूच. त्याचा धंदा असा की थोरले आरामखुर्चीत पडून दोन सूर गुणगुणत आणि म्हणत, "बाकीचं बघून घे रे." मग बाकीचं होतकरू बघून घेई. बाकीचं म्हणजे पहिल्या व्हायोलिनपासून शेवटच्या झांजेपर्यंत सगळं. पडद्यावर नाव थोरल्यांचं. त्यामुळे अनुभव डोंगराएवढा होता, पण कागदोपत्री पाहिलं तर या गृहस्थानं आयुष्यात काडीचंही काम केलेलं नव्हतं.

"म्हणजे तुम्ही त्यांच्या अटींत अगदी फिट्ट बसता," त्याची बायको म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची. "त्यांना शून्यच पाहिजे, पण भरलेलं."

त्याची आई खिडकीपाशी उशीचे अभ्रे शिवत बसली होती. सुईत दोरा ओवायला आता तिला सुनेची मदत लागे. मुलानं हात लावलेल्या प्रत्येक चित्रपटाला ती जायची, शेवटच्या पाट्या संपून पडदा पांढरा होईपर्यंत हलायची नाही, आणि झाडायला आलेल्या माणसाला पाय उचलून जागा देत विचारायची, "अहो, अजून काही नावं राहिलीत का?" अलीकडे तिची नजर झपाट्यानं कमी होत होती. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते, आजी, काय बघायचं ते लवकर बघून घ्या.

"या वेळी तरी नाव येणार ना रे?" तिनं विचारलं.

"येईल, आई."

"मागच्या वेळीही हेच म्हणालास."

"अगं, मागच्या वेळी मी नवा कुठे होतो!"

समितीनं त्याला एडिटिंगच्या खोलीत बोलावलं. दिग्दर्शकानं एक दृश्य लावून दाखवलं. कायमची घर सोडून चाललेली बाई दाराला कुलूप लावते, किल्ली मुठीत आवळते आणि जिना उतरते. दृश्याला संगीतही होतं. नवं संगीत तयार होईपर्यंत चित्रपट सुना सुना वाटू नये म्हणून जुन्या चित्रपटाचा एखादा तुकडा तात्पुरता लावून ठेवायची त्या धंद्यात पद्धत आहे. तो तात्पुरता तुकडा महिनोन्‌महिने ऐकून दिग्दर्शक त्याच्या प्रेमात पडतो आणि नव्या माणसाकडे तोच मागतो, हीसुद्धा पद्धतच आहे.

"थोरल्यांचं आहे," दिग्दर्शक डोळे पुसत म्हणाला. "काय लिहितो हो हा माणूस! इथे सगळे थांबतात आणि चेलो एकटा उरतो, बघा. काळजाला घरं पडल्याशिवाय असं सुचत नाही."

तो चेलो होतकरूनं लिहिला तेव्हा त्याचे वडील दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होते, आणि तो बाहेरच्या बाकावर मांडीवर कागद घेऊन बसला होता. थोरल्यांनी गुणगुणलेले दोन सूर त्यानं त्यातून गाळूनच टाकले होते. थोरल्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"तर आम्हाला हे अजिबात नकोय," दिग्दर्शक म्हणाला. "आम्हाला नवंच काहीतरी पाहिजे. पण अगदी असंच."

होतकरू घरी आला तो हवेत तरंगतच. 'बाकीचं बघून घे' न म्हणता त्याला कुणी काम दिल्याची ही पहिलीच वेळ. त्यानं तो जुना चेलो बाजूला ठेवून त्याच दृश्यासाठी नव्यानं लिहायला घेतलं. एक क्लॅरिनेट काहीतरी सांगायला लागतं, मधेच थांबतं, आणि बाकीचा वाद्यवृंद त्याचं वाक्य पुरं व्हायची वाट बघत राहतो, एवढंच. त्यानं ते पियानोवर वाजवून बघितलं तेव्हा आईनं शिवणकाम खाली ठेवलं.

"हे कुणाचं रे?"

"माझं."

"वाटलंच मला. लहानपणी रुसलास की दाराआड बसून असंच गुणगुणायचास."

समितीनं ते मन लावून ऐकलं. "उत्तम," दिग्दर्शक म्हणाला, "पण थोरल्यांची ती जादू नाही यात." होतकरू परत गेला आणि जादू घालून आला. चेलो पुन्हा एकटा उरला. या वेळी समितीचे चेहरे उतरले.

"अहो, ही तर उघडउघड चोरी आहे!" निर्माता ओरडला. "थोरले आपल्याला कोर्टात खेचतील!"

होतकरूचा संयम सुटला. "चोरी कसली? ते माझंच आहे! तेव्हाही मीच लिहिलं होतं!"

बाईंचा हात छातीवर गेला. "म्हणजे तुम्ही नवे नाही आहात?" त्या पुटपुटल्या. "पोस्टरं लागलीत हो!"

प्रश्न गंभीर होता. हा खरं बोलत असेल तर जुना ठरतो, म्हणजे बाद. खोटं बोलत असेल तर चोर ठरतो, म्हणजेही बाद. इकडे आड, तिकडे विहीर आणि हॉलची तारीख तर डोक्यावर. शेवटी ज्यांना विचारणं सर्वांत सोयीचं होतं त्यांनाच विचारायचं ठरलं, आणि थोरल्यांना फोन लागला.

"कोण, आमचा होतकरू?" थोरल्यांचा आवाज खोलीभर घुमला. "फार गुणी पोरगा! हाताला धरून शिकवलंय मी त्याला. अहो, तुम्ही काय शोधताय, मी तर त्याला कधीच शोधलाय!"

समितीचा जीव भांड्यात पडला. शोध लागलेला होता आणि लावणारा चांगला नावाजलेला होता. थोरल्यांना समितीचं अध्यक्षपद देण्यात आलं. त्यांचा मेहनताना वाचवण्यासाठी जी समिती नेमली होती, तिनं तो त्यांना 'मार्गदर्शन' या सदराखाली द्यायचं मान्य केलं. कुलपाच्या दृश्याला जुनंच संगीत, पण साठ वादकांकडून पुन्हा वाजवून घ्यायचं, म्हणजे ते नवं होईल. आणि पाटी अशी: 'संगीत: थोरले, एका नव्या प्रतिभेसह.'

"आणि माझं नाव?" होतकरूनं विचारलं.

"असं काय करता!" बाई समजुतीनं म्हणाल्या. "नाव झालं की प्रतिभा नवी राहते का? बरं, मला सांगा, तुम्ही सापडलात कुठे?"

"घरी."

"घरी कुणी सापडतं होय! तुम्ही पुलाखाली सापडलात. फाटका कोट, हातात व्हायोलिन."

"पण मला व्हायोलिन येत नाही. मी पियानो वाजवतो."

"पुलाखाली पियानो कसा येईल हो?"

हे बिनतोड होतं. त्याची कानशिलं काळी करण्यात आली. थोरले कमरेला पट्टा बांधून गाडीतून उतरले आणि फोटोग्राफरसमोर त्यांनी त्याला शोधलं. पहिल्या खेपेला त्यांनी फारच पटकन शोधलं. दुसऱ्या खेपेला होतकरूच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटेना. "अहो, जरा नीट सापडा ना!" फोटोग्राफर खेकसला.

तिथे मात्र होतकरूनं कोट काढून व्हायोलिनवर टाकला. "नाव नसेल तर मी हॉलमध्ये येत नाही. साठ माणसांसमोर यांनाच उभं करा."

थोरल्यांनी घाईघाईनं कंबर धरली.

पुलाखालीच तातडीची बैठक भरली. नाव देऊ, पण अगदी शेवटी, वाहनतळाच्या मालकाचे आभार मानून झाल्यावर. "आणि माझं क्लॅरिनेट?" होतकरूनं रेटून धरलं. दिग्दर्शकानं थोडा विचार केला. "शेवटच्या पाट्यांखाली घालू. तिथे कुणी ऐकत नाही, त्यामुळे तिथे काहीही चालतं."

होतकरू आनंदानं कबूल झाला. सगळ्या शहरात शेवटपर्यंत बसणारं एक माणूस होतं, आणि ते त्याच्या घरात होतं.

पहिल्या खेळाला थिएटर खच्चून भरलं. आईनं इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं आणि चष्मा रुमालात गुंडाळून आणला होता, मधेच डाग पडायला नको म्हणून. कुलपाच्या दृश्याला सगळे मुसमुसले. दिवे लागायच्या आधीच पुढच्या रांगेतले लोक उठून थोरल्यांना मिठ्या मारायला लागले. मग पडदा काळा झाला, पाट्या वर सरकू लागल्या आणि क्लॅरिनेट सुरू झालं.

तेवढ्यात सगळं थिएटर उभं राहिलं. खुर्च्या आपटल्या, गाडी कुठे लावलीय यावर चर्चा सुरू झाली. आईनं चष्मा लावला आणि ती पुढच्या खुर्चीची पाठ धरून वाकली. पुढचे गृहस्थ रुंद खांद्यांचे होते. उभं राहून ते चारही खिशांत किल्ली शोधत होते.

"अहो, जरा बसता का?" आई म्हणाली. "माझ्या मुलाचं नाव यायचंय."

गृहस्थ अतिशय सज्जन होते. म्हाताऱ्या माणसाशी पाठमोरं बोलू नये म्हणून ते पूर्ण वळले. "अरे वा, आजी! काय करतो मुलगा?"

"संगीत करतो. हे वाजतंय ना, हेच."

"छान आहे हो, फारच छान! अशा नव्या मुलांना पुढे आणलं पाहिजे. काय नाव म्हणालात?"

आईनं नाव सांगितलं, सावकाश, आडनावासकट. नेमकं तेव्हाच ते गृहस्थांच्या खांद्यांआड पडद्यावर आलं आणि वर निघून गेलं. "लक्षात ठेवतो हं," म्हणत ते आजींचा मान राखून खाली बसले. पडदा पांढरा झाला होता.

"आलं का रे?"

"आलं, आई."

"मला नाही दिसलं."

होतकरूला रडू आवरेना. बायकोनं त्याचा हात घट्ट धरला. "पुढच्या वेळी, आई," तो कसाबसा म्हणाला.

आईनं चष्मा काढून पुन्हा रुमालात गुंडाळला. "पुढच्या वेळी तूच वाचून दाखव मला."

बाहेर जो तो म्हणत होता की त्या नव्या पोराचं खरंच कौतुक आहे. ते रुंद खांद्यांचे गृहस्थही म्हणाले, पण जिना उतरेपर्यंत नाव काही त्यांच्या लक्षात राहिलं नाही. त्यांना मात्र नावं ठेवू नका. त्यांनी निदान विचारलं तरी. तुम्ही तर पहिल्या पोस्टरपासून होतकरूच्या शेजारी बसला आहात, त्याच्यासाठी मघाशी थोडे हळहळलाही असाल. त्याचं नाव काय, हे एकदा तरी विचारलंत?