दारातल्या वहाणा

माधुरी केळशीकरांच्या मेंदूतल्या सफाई पेशींनी काम थांबवलं आणि त्यांच्यातली एक बोलणी करायला जेवणाच्या टेबलावर येऊन बसली. आकाराने मांजराएवढी, हात मात्र पुष्कळ. माधुरीताईंनी आधी टेबलावरचं लोणचं उचलून ठेवलं.

माधुरीताई चिपळुणात साड्यांना फॉल लावून देतात. गेल्या दिवाळीपासून त्यांचा उजवा हात बधिर झाला होता आणि बोटांतून सुई कधी गळून पडली तेही कळत नसे. डॉक्टर सामंत म्हणाले होते, मज्जातंतू म्हणजे तार समजा, त्यावरचं आवरण जागोजाग फाटलंय. सफाई पेशींनी फाटके तुकडे खाऊन जागा मोकळी केली की दुसऱ्या पेशी नवं आवरण चढवतात. माधुरीताईंच्या डोक्यात तुकडे तसेच पडून होते.

"पडून नाहीत, नीट रचून ठेवलेत," पेशी म्हणाली. "असू दे, लागेल कधीतरी. या घराची पद्धतच आहे ना?"

पद्धत होतीच. माळा श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांनी भरला होता, गादीखाली पिशव्यांच्या घड्या होत्या. त्यांनी सगळं भंगारवाल्याला देऊन टाकलं. पेशी हलली नाही. ती दाराकडे बघत होती.

दाराबाहेर अरविंदरावांच्या वहाणा होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, पण घरात बाई एकटी आहे हे कुणाला कळू नये म्हणून वहाणा तिथेच राहिल्या होत्या. माधुरीताई त्या रोज पुसत.

आता त्याही काढायच्या म्हटल्यावर माधुरीताई आधी चिडल्या, मग रडल्या. भीती एकच होती, ती त्यांनी विचारून टाकली.

"सफाईत आमचे हेही जातील का?"

"तार आम्ही खात नाही," पेशी म्हणाली. "फक्त फाटलेलं आवरण."

माधुरीताईंनी बधिर हातानेच वहाणा उचलल्या आणि घंटागाडीत टाकल्या. पेशी लगेच कामावर रुजू झाली.

गणपतीच्या सुमारास सुई बोटात घुसली आणि माधुरीताई कळवळल्या. शेजारच्या नेनेबाईंच्या साडीला रक्त लागलं. माधुरीताई कितीतरी वेळ बोट धरून हसत बसल्या. इतका आनंद त्यांना कित्येक दिवसांत झाला नव्हता. सामंतांनी हात तपासला आणि सुधारणा आहे म्हणाले.

संध्याकाळी काम आटोपलं की पेशी बाहेर येते आणि वहाणांच्या जागी बसून राहते. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटतं, घरात कुणीतरी आहे.